सीलबंद पाऊस

मापसाहेबांना कुणी चहा दिला तर ते आधी कपाकडे बघत, मग चहाकडे आणि सर्वांत शेवटी देणाऱ्याकडे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून उभी हयात काढलेल्या माणसाची नजर दुसरीकडे जाणार तरी कुठे? काट्यावर शिक्का आहे का, पंपाच्या यंत्राला सील आहे का आणि असलेलं सील शाबूत आहे का, एवढ्या प्रश्नांवर त्यांची नोकरी चालली होती आणि खरं सांगायचं तर संसारही त्याच चालीवर चालला होता. तळमजल्यावरच्या बाईंनी एकदा वाटीभर साखर उसनी मागितली, तेव्हा साहेबांनी अगदी सहज, मनात काहीही वाईट न ठेवता, 'वाटी म्हणजे नेमकी किती?' असं विचारलं. बाई रिकाम्या वाटीनं परत गेल्या आणि त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव मापसाहेब पडलं. साहेबांना ती बढती वाटली.

अशा माणसानं घरात हवामान यंत्र आणायचं ठरवलं, याला कारण त्यांच्या सासूबाई.

सासूबाईंना दोन मुली, म्हणून दोन जावई. थोरले मापसाहेब. धाकटे कापडाचे व्यापारी, रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगमध्ये अगदी समोर राहणारे. बाल्कनीसमोर बाल्कनी असलेले साडू सुखानं नांदल्याचं कुणी ऐकलेलं नाही. इथं तर साहेबांनी केवळ कर्तव्य म्हणून साडूंच्या दुकानातली मीटरपट्टी तपासली होती, ती केसभर आखूड भरली होती आणि सख्ख्या साडूला त्यांनी नोटीस काढली होती. पट्टी वापरून झिजली, हे साडूंचं म्हणणं. दुकानदारांच्या पट्ट्या नेहमी गिऱ्हाइकाच्याच तोट्यात कशा झिजतात हे आपल्याला आजवर उमगलेलं नाही, हे साहेबांचं. तेव्हापासून साहेब साडूंच्या उंबऱ्याला पाय लावत नव्हते आणि साडू साहेबांच्या. दोघी बहिणी मात्र दिवसभर रस्ता ओलांडत असायच्या आणि नवऱ्यांच्या भांडणाचा उपयोग फक्त गप्पांना विषय म्हणून करायच्या.

हाल व्हायचे ते सासूबाईंचे. दर वाढदिवसाला दुपारी एका जावयाकडे जेवा, संध्याकाळी दुसऱ्याकडे जेवा, दोन्हीकडे पोटभर जेवल्याचं दाखवा. यंदा त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि पंचाहत्तरीला माणूस जरा स्पष्ट बोलू लागतो. त्यांनी दोघांना फोन करून एकच वाक्य ऐकवलं. "यंदा एक पंगत, एक वेळ, दोन्ही जावई माझ्या दोन बाजूंना. अर्धी इकडे, अर्धी तिकडे व्हायला मी काय कापडाचा तागा आहे?"

पंगत कुणाच्या घरात हा प्रश्न त्यांनीच सोडवला. साहेबांच्या बिल्डिंगची गच्ची सगळ्यांची, म्हणजे कुणाच्याच घरात नाही. तिथं दोघांनाही यायला हरकत नव्हती. हरकत घेऊ शकला असता तो फक्त पाऊस, कारण महिना असा होता की सकाळी ऊन, दुपारी ढग आणि संध्याकाळी काय ते कुणाला माहीत. तेव्हा सासूबाईंनी थोरल्या जावयाला सांगितलं, "गच्चीची जबाबदारी तुमची. पाऊस येणार असेल तर मला आधी सांगायचं. मग मी कुणाकडेच येणार नाही, घरीच दोन घास खाईन आणि झोपेन."

हा शब्द साहेबांनी फारच मनावर घेतला. फोनवरच्या हवामानावर त्यांचा विश्वास नव्हता. तो आकडा कुठल्या तरी लांबच्या यंत्राचा. ते यंत्र कुणी तपासलं, कधी तपासलं, सील कुणाचं, कशाचा पत्ता नाही. परक्याच्या मापानं सासूबाईंना शब्द देणारा माणूस तो नव्हे. मोजायचं तर आपल्या गच्चीवरचं, आपल्या यंत्रानं.

यंत्र निवडणं हे इतरांना एका फेरीचं काम वाटेल. साहेबांनी त्यासाठी बाजारातला एकूण एक विक्रेता रडकुंडीला आणला. विक्रेते रंगीत पडदा दाखवायचे, साहेब विचारायचे, "चूक किती?" एक उत्साही विक्रेता म्हणाला, चूक नाहीच. ते यंत्र साहेबांनी जागच्या जागी नापास केलं, कारण आपली चूक न सांगणारं माप हे लबाड माप. शेवटी एका दुकानात असं यंत्र सापडलं की ज्याच्या माहितीपुस्तिकेत चुकांचाच एक अख्खा तक्ता होता. साहेबांनी तो तक्ता उभ्यानं वाचला, मग स्टूल मागून बसून वाचला. घरी आल्यावर 'सुरू करण्यापूर्वी' नावाचं पान मात्र त्यांनी उलटून टाकलं. ते नवशिक्यांसाठी असणार.

यंत्र दोन भागांचं होतं. वाऱ्यावर फिरणाऱ्या तीन वाट्या, पाऊस पकडायचं नरसाळं आणि आत काय काय दडवलेला पांढरा डबा, हा भाग गच्चीवर. तो जे मोजेल ते विनातार खाली येऊन हॉलमधल्या पडद्यावर दिसायचं. शेजाऱ्यांनी हे ऐकलं आणि सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं यंत्र टाकीवर बसवा, कुणी म्हणालं टाकीपासून लांब बसवा, कुणी म्हणालं बसवूच नका, वीज पडते. समोरच्या बाल्कनीत उभे राहून साडू कुणालाच उद्देशून न बोलता इतक्या मोठ्यानं बोलले की रस्त्यावरची दोन माणसं थांबली. "आम्ही खिडकीतून हात बाहेर काढतो. ओला झाला तर पाऊस. आम्हाला नाही लागत असली खेळणी."

साहेब बाल्कनीतून आत आले आणि थोड्या वेळानं, बायकोला उद्देशून, खिडकीच्या दिशेनं म्हणाले की काही लोकांचे हातही आखूड असतात.

पुढचा अडसर सेक्रेटरींचा. सेक्रेटरी हे निवृत्त ग्रंथपाल. कुठलीही गोष्ट आधी वर्गात बसली पाहिजे, मग ती जगात असली तरी चालेल, असा त्यांचा बाणा. गच्चीवर नियमानं तीन गोष्टी राहू शकत होत्या: टाकी, अँटेना आणि कपडे वाळत घालायचा खांब. यंत्र टाकी नव्हतं हे दोघांनाही मान्य झालं. अँटेना म्हणावं तर सेक्रेटरी म्हणाले, अँटेना बाहेरून घरात काहीतरी आणते, हे काय आणतं? साहेब म्हणाले, आकडे. आकडे ही वस्तू नव्हे, असा निकाल मिळाला. बराच वेळ डोकं खाजवून सेक्रेटरींनी ते यंत्र कपडे वाळत घालायचा खांब या वर्गात बसवलं आणि परवानगी दिली. एकच अट होती. खांब म्हटल्यावर त्यावर कपडे वाळत घालायचा हक्क सर्व रहिवाशांना राहील. साहेबांना आता घाई झाली होती. त्यांनी मान डोलावली.

गच्चीवर खांब उभा केला त्या सकाळी बायको मदतीला होती. पांढऱ्या डब्याच्या बुडाशी, बॅटरीच्या झाकणातून प्लॅस्टिकची एक पातळ पट्टी बाहेर डोकावत होती. तिच्यावर एक छोटासा बाण छापला होता. बायकोनं ती सहज चिमटीत धरली आणि साहेब असे ओरडले की टाकीवरची कबुतरं उडाली.

"हात लावू नकोस. कारखान्याचं सील आहे ते."

"असं लोंबतं?"

"लोंबू दे. सील तुटलं की माप बाद. इतकी वर्षं माझ्या घरात राहून तुला एवढं कळू नये?"

बायकोनं हात मागे घेतला. इतकी वर्षं त्या घरात राहून तिला कुठं बोलायचं नाही एवढं नक्की कळलं होतं. साहेबांनी भिंग लावून सील तपासलं, बाणाची खूण नोंद घेण्याजोगी वाटली आणि इतकं पक्कं, अस्पर्श सील आपल्या नोकरीत क्वचितच दिसल्याचं त्यांनी समाधानानं सांगितलं.

खाली हॉलमधला पडदा मात्र काही बोलेना. तपमान, वारा, पाऊस, सगळ्या चौकटींत दोन दोन आडव्या रेघा. साहेब रोज सकाळी शोधाचं बटण दाबत आणि रेघा रोज तशाच राहत. शेजारी चौकशीला येत, तेव्हा साहेब सांगत की चांगलं यंत्र लगेच तोंड उघडत नाही, आधी जागेचा अंदाज घेतं. मग एका सकाळी बटण दाबलं, पडदा लुकलुकला आणि सगळीकडे झरझर आकडे उमटले. साहेबांनी बायकोला हाक मारली. कपाळावर हात मारून घ्यावा की देवाला नमस्कार करावा हे न कळून त्यांनी दोन्ही केलं.

आता खरं तर इथं एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे, पण तो साहेबांनाच माहीत नव्हता, तेव्हा आपणही जरा कळ काढू.

आकडे आले म्हणून विश्वास ठेवणारे साहेब नव्हते. त्यांनी कचेरीतलं शिक्क्याचं लिटरमाप आणलं, काठोकाठ पाणी भरलं आणि गच्चीवर जाऊन नरसाळ्यात ओतलं. खाली बायको पडद्यासमोर. "किती?" साहेबांनी जिन्यातून विचारलं. "काहीच नाही," बायको म्हणाली. साहेबांनी आणखी एक माप ओतलं. पडद्यावर पाऊस शून्यच. दुसरा कुणी असता तर यंत्र परत करायला निघाला असता. साहेब खाली आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं. म्हणाले, खोट्या पावसाला हे यंत्र भुलत नाही. आयुष्यभर ज्याला फसवता येणार नाही असं माप शोधलं, ते आज घरात आलं.

वरच्या मजल्यावरच्या आजींनी आपला हक्क बजावत खांबावर डबलबेडची ओली चादर टाकली. तिन्ही वाट्या चादरीत गुंडाळल्या गेल्या. पण पडद्यावर वारा व्यवस्थित दिसत राहिला. साहेबांनी सेक्रेटरींना मुद्दाम बोलावून दाखवलं. चादरीआडचा वाराही ओळखतंय बघा, म्हणाले. सेक्रेटरी प्रभावित झाले. वर्ग बदलावा का, असा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला.

घोळ सुरू झाला तो सकाळच्या पावसाचा. बाहेर लख्ख ऊन आणि पडद्यावर पाऊस. एकदा नव्हे, रोज, चहाच्या सुमारास थोडा वेळ. बायकोनं खिडकीतून बाहेर बघितलं आणि विचारलं की पडतोय कुठे. साहेब पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, इथे. मग त्यांनी गच्चीवर जाऊन उन्हात डोळे मिटून, चेहरा वर करून बराच वेळ पाऊस लागतोय का ते बघितलं. नाकाच्या शेंड्यावर काहीतरी गार लागल्यासारखं वाटलं. झालं. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक सरी असतात आणि त्या फक्त चांगल्या यंत्रांना कळतात, असा सिद्धांत तयार झाला.

साहेब उन्हात छत्री उघडून कचेरीला निघू लागले. लोक हसले, पण हसता हसता बिचकले, कारण मापसाहेब बिनमापाचं बोलत नाहीत अशी ख्याती होती. तळमजल्यावरच्या बाई वाळवायला ठेवलेल्या गाद्या आत घेऊ लागल्या. सेक्रेटरींनी कपाटातून पावसाळी टोपी बाहेर काढली. आणि एके दिवशी साहेबांनी बघितलं तर समोरून साडूसुद्धा कडक उन्हात छत्री उघडून दुकानाकडे चाललेले. साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भररस्त्यात आपल्याला वेडावून दाखवतो म्हणजे काय! साडूंनीही छत्रीखालून साहेबांच्या छत्रीकडे असंच जळजळीत बघितलं आणि दोन्ही छत्र्या दोन दिशांना गेल्या.

वाढदिवसाचा दिवस उजाडला. आभाळ स्वच्छ. गच्चीवर टेबलं मांडली, खुर्च्या आल्या, दिव्यांची माळ टांगली. खांबाला आजींनी आपणहून सुट्टी दिली. मेहुणी सकाळपासून स्वयंपाकघरात बहिणीबरोबर होती. संध्याकाळी साडू थेट गच्चीवर येणार, जिन्यानं, साहेबांच्या दाराकडे न बघता, असंही ठरलं होतं. सगळं मापात चाललं होतं.

दुपारी पडदा किंचाळू लागला.

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. अतिवृष्टी. पावसाचा आकडा नुसता धावत होता. या आधीच्या सरी बारीक होत्या, मान्य; पण एवढा पाऊस डोळ्यांना न दिसता कोसळतो कसा, हे त्यांच्या सिद्धांतात बसेना. खिडकीबाहेर ऊन होतं. तरी यंत्रावर अविश्वास दाखवायचा, तर मग आजवर ज्यांना नोटिसा काढल्या त्यांनाही सोडायला हवं होतं. साहेबांनी खुर्च्या खाली आणायला सांगितल्या. वरून आरडाओरडा झाला. बायको कणकेच्या हातानं बाहेर आली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. तिच्या आईचा वाढदिवस होता. पंचाहत्तर वर्षांच्या बाईनं एकदाच काहीतरी मागितलं होतं. साहेबांना ते बघणं सहन होईना. त्यांनी सासूबाईंचा नंबर काढला, फोन कानाला लावला आणि पलीकडे कुणी उचलायच्या आत स्वयंपाकघरातून मेहुणीचा आवाज ऐकू आला.

"ताई, आठवण कर गं मला. झाडांवर नळी सोडून आलेय बाल्कनीत. आज दिवसभर घरी कोणी नाही, म्हटलं चांगली भिजू देत. त्या पंख्यालाही आंघोळ होईल, कबुतरांनी घाण केलाय नुसता."

"कसला पंखा?" बायकोनं विचारलं.

"ह्यांनी आणलाय, झाडांना वारा लागायला. पांढरा आहे, वर तीन वाट्या फिरतात. कुंड्यांच्या मागे ठेवलाय. तुम्हाला सांगू नको म्हणाले, का कोण जाणे."

साहेबांनी फोन बंद केला. ते शांतपणे स्वयंपाकघराच्या दारात आले आणि मेहुणीला म्हणाले, जरा घरी जाऊन नळी बंद करून या. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, झाडंच आहेत, बुडणार नाहीत." साहेब म्हणाले, "माझ्यासाठी." या माणसानं आजवर कुणाकडे काही मागितलेलं नव्हतं. मेहुणी गेली. साहेब पडद्यासमोर उभे राहिले. समोरच्या बाल्कनीत तिची हालचाल दिसली आणि अतिवृष्टी थांबली. साहेबांनी खिडकीतून खूण केली, पुन्हा सोडा. पाऊस सुरू झाला. बंद करा. थांबला. तपासणी पूर्ण झाली होती.

साहेबांचा पडदा साडूंच्या यंत्राचे आकडे पकडत होता आणि इतके दिवस साहेब समोरच्या बाल्कनीचं हवामान वाचत होते. रोज सकाळच्या त्या बारीक सरी म्हणजे मेहुणीच्या कुंड्यांना घातलेलं पाणी. ज्या साडूला आखूड मापं वापरतो म्हणून ते मनातल्या मनात नोटिसा काढत होते, त्याच्याच बिनशिक्क्याच्या यंत्रावर त्यांनी चारचौघांत छाती फुगवली होती.

ते गच्चीवर गेले. आपलं यंत्र खांबावर ऐटीत उभं होतं. साहेबांनी पहिल्यांदाच माहितीपुस्तिकेचं ते उलटलेलं पान उघडलं. त्यात पहिल्याच ओळीत, अगदी लहान मुलालाही कळेल अशा चित्रासकट, ती पट्टी बाणाच्या दिशेनं ओढून टाकायला सांगितली होती. साहेबांनी खाली वाकून सील ओढलं. ते इतक्या सहज निघालं की त्यांना लाज वाटली. डब्यावर लाल ठिपका लुकलुकला. इतके दिवस यंत्र झोपलेलं होतं आणि साहेब त्याची पारख सांगत फिरत होते.

"काय तोडलंत, मापसाहेब?"

साडू जिन्याच्या दारात उभे होते. दुकानातून घरी आल्यावर खुर्च्यांचा गोंधळ समोरून बघून ते काय चाललंय ते पाहायला आले होते. त्यांची नजर साहेबांच्या चिमटीतल्या पट्टीवर गेली, मग लुकलुकणाऱ्या ठिपक्यावर. कापडाच्या धंद्यातला माणूस, गोष्ट उलगडायला त्याला वेळ लागत नाही. चेहऱ्यावर हसू पसरू लागलं आणि ते इतकं पसरलं की आता ते जिन्यातून खाली जाऊन बिल्डिंगभर वाटलं जाणार हे साहेबांना कळून चुकलं. साहेबांनी पट्टी हळूच खिशात घातली.

"झाडांना वारा लागतो ना नीट?" त्यांनी विचारलं.

हसू जिथं होतं तिथंच थांबलं. खिडकीतून हात बाहेर काढणारा, खेळण्यांची गरज नसलेला तो माणूस एकदम कुंड्यांकडे बघावं तसा स्वतःच्या पायांकडे बघू लागला. मग दोघांनाही त्या उन्हातल्या दोन छत्र्या एकाच वेळी आठवल्या असाव्यात, कारण दोघांनीही तोंड फिरवून खाकरायला सुरुवात केली. कुणी काही कबूल केलं नाही. कुणी कुणाला सोडतोय असंही म्हटलं नाही. साडूंनी नुसती एक खुर्ची उचलून पुन्हा टेबलाशी ठेवली आणि साहेबांनी दुसरी.

तेवढ्यात सासूबाईच येऊन थडकल्या. फोन वाजला आणि बंद झाला म्हणून त्या रिक्षा करून निघाल्या होत्या आणि सगळे मजले चढून दमल्या होत्या. दाराला धरून त्यांनी विचारलं, "एकदा काय ते सांगा. पाऊस आहे की नाही?"

"नाही," दोन्ही जावई म्हणाले. एकाच वेळी.

सासूबाईंना ते ऐकायची सवय नव्हती. त्यांनी आळीपाळीनं दोघांकडे बघितलं आणि जवळच्या खुर्चीत बसून त्या पदरानं वारा घेऊ लागल्या.

साहेब खाली आले. त्यांनी शोधाचं बटण दाबलं. क्षणभर रेघा दिसल्या, मग आकडे आले, आणि हे आकडे त्यांचे स्वतःचे होते, त्यांच्या गच्चीवरचे, त्यांच्या वाट्यांनी मोजलेले. साहेबांच्या अंगावर काटा आला. पण ते बघता बघता वारा वाढत गेला, दमटपणा चढत गेला, दाब उतरत गेला आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक काळा ढग आला. ढगाखाली तिरक्या रेघा होत्या. चुकांचा तक्ता साहेबांना पाठ होता. ही चूक नव्हती.

बायको दारातून म्हणाली, "काय म्हणतंय?"

साहेब त्या ढगाकडे बघत राहिले. वर खुर्च्या पुन्हा सरकत होत्या. सासूबाई कुणाला तरी सांगत होत्या की दोन्ही जावयांच्या मधली खुर्ची आपली, तिथं कुणी बसू नका. ज्यानं आयुष्यात कुणाच्या मापाची गय केली नाही, त्या माणसानं पडद्याचं झाकण उघडलं, बॅटऱ्या काढल्या आणि खिशात टाकल्या. "बंद पडलंय," तो म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

संध्याकाळी गच्ची भरली. सासूबाई मधोमध, एका बाजूला मापसाहेब, दुसऱ्या बाजूला साडू. नातेवाईक होते, शेजारी होते, सेक्रेटरी होते. केक कापून झाला, पानं वाढली गेली, चार घास पोटात गेले आणि साहेबांच्या मनगटावर एक थेंब पडला. त्यांनी तो हळूच पुसला. मग मान जराशी मागे घेऊन सासूबाईंच्या पाठीमागून साडूंकडे बघितलं, तर साडूही मान मागे घेऊन त्यांच्याकडेच बघत होते.

"माझा पडदा दुपारपासून काळा ढग दाखवतोय," साडू कुजबुजले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

दोघंही पुन्हा पुढे वाकून जेवू लागले.

मग पाऊस आला. बारीक वगैरे काही नव्हता, चांगला टपोरा, टेबलावर टपटप वाजणारा. केकवरचं सासूबाईंचं नाव विरघळायला लागलं. माणसं ताटं उचलून जिन्याकडे बघू लागली आणि जिन्याकडे जायच्या आधी, सवयीनं, सगळ्यांनी मापसाहेबांकडे बघितलं. सेक्रेटरींनी विचारूनच टाकलं, "हा पाऊसच ना?"

साहेबांचा घास तोंडातच राहिला. त्यांचं नाव, त्यांचा शब्द, सगळं त्या एका उत्तरावर येऊन बसलं होतं. पण उत्तर दिलं ते साडूंनी. त्यांनी हात पुढे केला, तळव्यावर पाणी साचू दिलं, ते नीट निरखलं आणि शांतपणे निकाल दिला.

"पाऊस नाही हा."

"छे," साहेब म्हणाले. केसांवरून पाणी त्यांच्या चष्म्यात उतरत होतं. "दव असेल."

"फार तर दव," साडू म्हणाले.

सासूबाईंनी एकदा उजवीकडे बघितलं, एकदा डावीकडे. दोन्ही जावई नखशिखांत भिजलेले, दोघांच्याही चेहऱ्यावर तीच गंभीर, ठार खोटी खात्री. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पावसात ते कुणाला दिसलं नाही एवढंच.

"तुमचं दोघांचं एकमत व्हायला आभाळ फाटावं लागलं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी ताट पुढे सरकवलं आणि मुलींना फर्मावलं, "दव आहे ना? मग कुणीही उठायचं नाही. वाढा."

आणि कुणीही उठलं नाही.